सोबत कुणाची, ते कुणी ठरवायचं?

मुलगी संध्याकाळची पिठाच्या गिरणीत निघाली की घरातून हाक येते, "एकटी जाऊ नकोस, सोबत ने." सोबत म्हणजे कोण, तर धाकटा भाऊ. वय वर्षं नऊ. वाटेत कुत्रं भुंकलं तर तोच हिच्या ओढणीला धरून उभा राहणार. तरी तो सोबत, आणि ही सतरा वर्षांची बाई म्हणजे सोबतीशिवाय बाहेर पडू नये अशी वस्तू.

बाईच्या बाबतीत सोबत या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा पहारा असाच असतो, आणि तो कुणी करायचा हे तिला कुणी विचारत नाही. माहेरी जाताना कोण, दवाखान्यात कोण, देवाला कोण, सगळं ठरलेलं. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं तर नावसुद्धा वेगळं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या हातात पडते, टोळी मुकादम ठरवतो, आणि ही पाच-सहा महिने कुणाच्या शेजारी पाल ठोकणार, कुणाच्या नजरेसमोर अंघोळ करणार, हे तिला फडावर पोचल्यावर कळतं.

अशा आपण. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सोबतिणी आपण निवडायच्या अशी वेळ आली की काय करतो? मैत्रिणींनो, माझा अनुभव सांगते. आम्ही वाईट निवडतो. आणि वाईट निवडल्याचं कबूलही करत नाही.

हे मी लिहितेय ते एका चैनीच्या वाटणाऱ्या गोष्टीच्या निमित्तानं. आम्ही सावेडीतल्या पाच जणी जानेवारी 2023 मध्ये मालवणकडे तीन दिवसांच्या कयाक सहलीला गेलो होतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, कयाक म्हणजे लांबट, अरुंद, हलकी होडी. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारत जायचं. एकीची असते, दोघींचीही असते. दिवसभर वल्हवायचं, संध्याकाळी काठाला लागून तंबू टाकायचा, सकाळी पुन्हा पाण्यात.

मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक कार्यकर्ती फटकन म्हणाली, "आपल्या बायकांना रेशन मिळेना आणि तुम्ही होड्या खेळताय." राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. पैसे लागतात, सुट्टी लागते, घरी स्वयंपाकाला दुसरं कुणी लागतं. मी तिला एवढंच म्हटलं की आमच्या दुष्काळी जिल्ह्यातले मुलगे विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात. मुलींचा विहिरीशी संबंध पाणी शेंदण्यापुरता. नाहीतर सासरी छळ असह्य झाला की उडी टाकण्यापुरता. बाईनं पाण्यात उतरून हसत वर यावं, ही चैन असेल तर मला ती सगळ्यांसाठी हवी आहे. तिला पटलं असं नाही. ती अजून मला "खलाशी" म्हणते.

आता चुका सांगते. दोन केल्या.

पहिली अशी. आमच्यात एक ज्येष्ठ आहेत. सगळ्या त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणते. नगरमध्ये (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, पण एस.टी.च्या थांब्यावर अजून सगळ्यांच्या तोंडी नगरच) हुंडाबळीच्या केसेसमध्ये पोलीस ठाण्याच्या पायरीवर रात्र काढलेली बाई. माझ्या स्वतःच्या वाईट दिवसांत चार महिने मी त्यांच्या घरी राहिले. त्यांना "तुम्ही येऊ नका" म्हणणं मला शक्य नव्हतं. त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता. वेणी घालायलाही हात मागे जात नव्हता, हे आम्हा चौघींनाही माहीत होतं. कुणी बोललं नाही. त्याही बोलल्या नाहीत. सहलीच्या फॉर्ममध्ये "काही आजार?" या रकान्यात त्यांनी "नाही" लिहिलं आणि मी शेजारी बसून ते पाहिलं.

दुसरी चूक त्याच आठवड्यातली. आमच्या गल्लीत पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक बाई आहे, पस्तिशीतली. तिचं माहेर राहुरीकडे, मुळा धरणाच्या फुगवट्याला, मासेमारी करणाऱ्या घरातलं. लहानपणी टायरच्या ट्यूबवर बसून बापाबरोबर जाळी लावलेली. तिला आमच्या बेताचा सुगावा लागला. डबा द्यायला आली तेव्हा म्हणाली, "मला घेता का? पैसे हप्त्यानं देईन." मी म्हटलं, विचारून सांगते. विचारलं. एकीचं म्हणणं, "चांगली आहे गं, पण आपल्यात रमेल का?" दुसरी म्हणाली, "जेवणाखाणाचं कसं? तिला रोज मासे लागतील." मालवणला जाऊन माशांची अडचण! तिसरी गप्प. ताई त्या दिवशी नव्हत्या. आणि मी, भाषणात आडनावांवर तुटून पडणारी मी, म्हणाले, "खरंच, तीन दिवस चोवीस तास एकत्र राहायचं म्हणजे जुळायला हवं." तिला निरोप दिला की जागा भरल्या.

जुळायला हवं. हा शब्द मराठीत कुठून येतो, आठवून बघा. पत्रिका जुळते. घराणं जुळतं. गोत्र तेवढं जुळू द्यायचं नाही, पण जात जुळलीच पाहिजे. लग्नाच्या बाजारातला हा शब्द आम्ही पाण्यावर नेला आणि तिथंही त्यानं तेच काम केलं.

आता पाण्यावर काय झालं ते. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, समोरच्या काठाला भोगवे. पहिल्या दिवशी भरतीबरोबर खाडीतून वर गेलो. पाणीच ढकलत होतं, सगळ्या खूश, गाणी. दुसऱ्या दिवशी मुखाकडे परत यायचं होतं. आमच्याबरोबरचा स्थानिक मुलगा आदल्या रात्रीच म्हणाला होता की उजाडताच निघू, दुपारी वारा येतो. आम्ही साडेनवाला निघालो. कारण चहा, मग केस, मग एकीच्या घरून आलेला फोन. दुपारपर्यंत ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावायला लागलं आणि वारा समुद्राकडून आत. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले की लाट आखूड होते, उभी होते आणि होडीच्या तोंडावर आपटते. दोघींच्या कयाकमध्ये पुढे बसलेली लय धरते, मागची तिच्या हाताकडे बघून वल्हं मारते आणि दिशा सांभाळते. पुढे ताई होत्या, मागे मी.

त्यांचं उजवं वल्हं आधी उथळ पडायला लागलं. मग नुसतं पाण्याला टेकायला लागलं. मग थांबलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. साधारण अर्धा तास मी एकटी दोघींची होडी ओढत होते, मनातून चिडत होते आणि तोंडानं "वा ताई, छान" म्हणत होते. ओहोटी आम्हाला मुखाकडे नेत होती आणि मुखापलीकडे अरबी समुद्र होता. शेवटी त्या मुलालाच ते दिसलं. त्यानं दोर लावून आम्हाला काठाला ओढलं. गुडघाभर चिखल, तिवरांची मुळं. पाणी परतेपर्यंत तिथंच बसून राहिलो. कुणाला काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि झालं असतं तर त्याला आम्ही अपघात म्हटलं असतं.

चिखलात बसून ताई एकच वाक्य बोलल्या, "तुला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग सांगायचं होतंस." मला वाटतं, आमच्या तीस वर्षांच्या मैत्रीत मी त्यांच्याशी केलेली सगळ्यात अप्रामाणिक गोष्ट ती होती. आणि केली ती प्रेमापोटी, म्हणजे आम्ही त्याला प्रेम म्हणत होतो.

आपल्या चळवळीत भगिनीभाव हा मोठा शब्द आहे. तो कमावताना आपण काय काय सोसलंय ते मला कुणी शिकवू नये. पण त्याच्या आडोशाला एक सवय वाढलीय, एकमेकींना नाही न म्हणण्याची. घरात सगळ्यांना हो म्हणत वाढलेल्या बायका संघटनेत येतात आणि तिथंही हो म्हणत राहतात. कोण शिबिराचे हिशेब ठेवत नाही, कोण बैठकीत कुणाला बोलू देत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोललं जातं फक्त परतीच्या रिक्षात. जमिनीवर हे खपतं. पाण्यावर दोन तासांत उघडं पडतं. दोघींच्या कयाकला परदेशात गमतीनं "घटस्फोटाची होडी" म्हणतात असं पुढे कळलं. मला त्यात गंमत वाटली नाही, माहिती वाटली.

मग निवडताना काय बघायचं? इरावती कर्वे यांचा वारीवरचा "वाटचाल" हा लेख पुष्कळ जणींनी वाचला असेल. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत, हे त्यांनी पाहिलं आणि त्याचा त्रास करून घेतला. दिवसभराची वाट एक, चूल दोन. आमच्या नगरवरून दरवर्षी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाते तेव्हा मला त्या लेखाची आठवण होते. आमची सहल तर त्याहून पुढे गेली. आम्ही दुसरी चूल नको म्हणून ती बाईच नको म्हटलं.

आता याच्या शेजारी "तारिणी" ठेवून बघा. आपल्या नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून शिडाच्या होडीनं निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018 ला परत आल्या. कप्तान वर्तिका जोशी, बरोबर प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. कुणी उत्तराखंडची, कुणी हिमाचलची, कुणी मणिपूरची, कुणी आंध्र-तेलंगणाकडची. सतरा मीटर लांबीची होडी. तीत आठ महिने. या सहा जणींची कोणती पत्रिका जुळली होती? मातृभाषा एक नव्हती, घरचं जेवण एक नव्हतं. मैत्रिणी होत्या म्हणून निघाल्या असंही नाही. सराव आधी, प्रवास नंतर. 2016 मध्ये "म्हादेई" या होडीनं मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या. शिकवायला होते कॅप्टन दिलीप दोंदे, ज्यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून नाव मिळवलं. परतीच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली तेव्हा त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं, आणि त्या थांबल्या.

नंतर त्याच तारिणीवर दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघाल्या आणि 29 मे 2025 ला परतल्या. एक केरळची, एक पुदुच्चेरीची. दोघीच म्हटल्यावर एक झोपली की दुसरीनं जागायचं. म्हणजे जिच्या जागेपणावर आपला जीव आहे तिच्या भरवशावर डोळे मिटायचे. सोबतीण निवडण्याची याहून सरळ कसोटी मला माहीत नाही. हिच्या पहाऱ्यात मला झोप लागेल का? ती कुठल्या घरातली, तिच्या ताटात काय, तिचं इंग्रजी कसं, याचा त्या झोपेशी संबंध नाही.

नौदलाची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडे शिस्त आहे, पगार आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. आपल्याकडे ते नाही म्हणून तर आधी बोलून घ्यायला हवं. आणि बोलण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या असतात. उदाहरणार्थ लघवी. हसू नका. जागा नाही म्हणून पाणीच न पिण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. होडीत उन्हात सहा तास पाणी न पिणारी बाई चक्कर येऊन पडते आणि तिच्याबरोबर दुसरीही. तेव्हा "मला थांबायचंय, काठाला घ्या" असं जिला न लाजता म्हणता येतं, आणि ते ऐकून जी तोंड वाकडं करत नाही, अशा दोघी एका होडीत चालतात. पाळी आली तर सांगता येतं का? रक्तदाबाची गोळी सगळ्यांसमोर घेता येते का? पैसे कमी आहेत हे सांगता येतं का, की ते झाकायला ती उपाशी राहील? घरून तासातासाला फोन येणारी असेल तर तो तिचा दोष नाही, पण उजाडताच निघायचं असेल त्या दिवशी फोनचं काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "चला, परत फिरू" म्हणायला तिला कमीपणा वाटतो का? आता आमचा नियम आहे की एकीनं परत म्हटलं की सगळ्या परत, आणि का म्हणून त्या दिवशी विचारायचं नाही. विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, पोट भरल्यावर.

हे बैठकीत विचारून कळत नाही. सगळ्या म्हणतात, मला काही त्रास नाही. म्हणून आधी एक रात्र कुठंतरी काढावी. आमच्या जिल्ह्यात अकोले तालुका आहे, भंडारदऱ्याचं पाणी आहे, रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या वाटा आहेत, लांब जायला नको. पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चाला, रात्री तंबूत झोपा. थकल्यावर कोण चिडतं आणि कोण गप्प होतं ते बघा. चिडणारी परवडते. गप्प होणारीची मला आता भीती वाटते, कारण मी तशी आहे.

पण नुसतं नाही म्हणायला शिकून भागत नाही. आजार सांगितला की आपण तिला वगळणार असू, तर पुढच्या वेळी ती "नाही" असंच लिहिणार, जसं ताईंनी लिहिलं. म्हणून नाही म्हणताना दुसरी जागा हातात ठेवावी. कौस्तुभ खाडे या मुंबईच्या तरुणानं 2016-17 मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत पश्चिम किनारा कयाकनं पार केला, तेव्हा शांजली शाही किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकलवर होती. एक पाण्यात, एक रस्त्यावर, आणि प्रवास दोघांचा. ताईंना आम्ही म्हणू शकलो असतो की तुम्ही गाडीबरोबर काठानं या, मुक्कामाची जागा आधी गाठा, अंधार पडायच्या आत आम्ही दिसलो नाही तर माणसं पाठवा. ते काम होडीतल्या कामाइतकंच जोखमीचं आहे. पण तेव्हा आम्हाला होडीत बसलेलीच खरी सहप्रवासी वाटत होती.

बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली 1994 मध्ये अठरा जणी रबरी तराफ्यांतून गंगेनं हरिद्वार ते कोलकाता गेल्या. तेव्हाच्या आमच्या बैठकांत या मोहिमेचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. आम्ही तेव्हा बाईला रात्री रस्त्यावर फिरता यावं म्हणून मोर्चे काढत होतो, नदी लांबच होती.

मालवणहून आल्यावर आठवड्यानं पोळी-भाजीवाली डबा द्यायला आली. काही बोलली नाही. पैसे मोजून घेतले आणि जाताना म्हणाली, "तिसऱ्या होडीत एक जागा रिकामीच गेली म्हणं." खरंच गेली होती. दोघींच्या तीन कयाक आणि आम्ही पाच. सहाव्या जागेवर तंबूच्या पिशव्या बांधल्या होत्या. मी माफी मागितली, ती तिनं घेतली की नाही कळलं नाही. नंतर दोन वर्षं ती डबा देत होती आणि आमचं बोलणं भाजीच्या पलीकडे गेलं नाही.

आता येत्या दिवाळीनंतर पुन्हा जायचं चाललंय. या वेळी बैठकीत मी पहिल्यांदा तिचं नाव घेतलं आणि मागच्या वेळी ते का गळलं तेही सगळ्यांसमोर सांगितलं. दोघींना राग आला, एक आता आमच्यात येत नाही. ताईंनी गाडीचं काम घेतलंय. पोळी-भाजीवालीनं मात्र अजून हो म्हटलेलं नाही. तिचं म्हणणं, आधी तुम्ही सगळ्या माझ्या माहेरी या, एक दिवस माझ्या भावांबरोबर फुगवट्याच्या पाण्यात बसा, कोण घाबरतं, कोण कुणाचं ऐकतं ते मी बघते, मग सांगते. रविवारी जाणार आहोत. लाइफ जॅकेट घालायला ती तयार नाही, तिच्या घरात कुणी कधी घातलेलं नाही. आणि जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही हा आमचा नियम. त्यावर काल तिच्या दुकानात उभं राहून आमचं चांगलं अर्धा तास भांडण झालं.